चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

झिजलेला पण अजून चालणारा भाग कधी बदलायचा, या प्रश्नाची जगात तीनच उत्तरं आहेत. मोडल्यावर, ठरलेली वेळ झाल्यावर किंवा लक्षणं दिसायला लागल्यावर. घरातला बल्ब आपण पहिल्या पद्धतीने बदलतो, गाडीचं ऑइल दुसऱ्या आणि चपला तिसऱ्या. इतकं सोपं आहे. पण तोच भाग शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात असला, तो बदलायला पैसे कमी असले आणि पैसे ज्याचे त्याचा मुलगा गाडी चालवणार असला, की या तीन उत्तरांवरून घरात अबोला होऊ शकतो.

हा अबोला धुळ्यातला. माझा शाळेपासूनचा मित्र आग्रा रोडवर वडिलांचं गॅरेज चालवतो. त्याचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, यांनी आयुष्यभर ट्रकची इंजिनं बांधली. पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढताना दमलेले ट्रक असोत नाहीतर रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेले, त्यांच्या हाताखालून गेलेल्या इंजिनांची मोजदाद नाही. मुलाला मात्र भलताच नाद. त्याच्याकडे एक जुनी जिप्सी आहे आणि ती घेऊन तो वर्षातून एकदा, पैसे जमले तर, रॅलीत उतरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भारतातल्या रॅलींमध्ये जिप्सी ही कित्येक वर्षं ठरलेली गाडी. १२९८ सीसी, चार सिलिंडर, नंतरच्या मॉडेलला १६ व्हॉल्व्ह आणि ८० अश्वशक्ती. आता नवीन मिळत नाही, त्यामुळे आहे ती जपायची. खानदेशात काही रेस ट्रॅक नाही. ट्रॅक बघायचा तर श्रीपेरुंबुदूर, कोईमतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठायचं. आमच्या बाजूला जवळची म्हणावी अशी रॅली नाशिकच्या परिसरात व्हायची. बाकी आमच्याकडे ऊन आणि धूळ, दोन्ही भरपूर. आणि इंजिनाला या दोन्ही गोष्टी आवडत नाहीत.

तर रॅलीला पाच आठवडे होते. इंजिन मागच्या वेळी बांधल्यापासून स्पर्धेचे आणि सरावाचे मिळून साधारण ४० तास झाले होते. मित्राचं म्हणणं, पूर्ण इंजिन खोलू, रिंगा, बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, टायमिंग बेल्ट, सगळं नवीन टाकू. नानांचं म्हणणं एका वाक्यात होतं, तेही अहिराणीत: "जे चाली ऱ्हायनं त्याले हात नको लावू, भाऊ." आणि मी पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी गेलेला सॉफ्टवेअरवाला. दोघांनीही मला पंच नेमलं. इंजिनातलं मला फार कळतं म्हणून नाही, तर मी दोघांशी बोलत होतो म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, शर्यत आहे तर सगळं नवीनच टाकायला हवं ना? मलाही तसंच वाटायचं. पण नानांच्या बाजूने बोलणारा एक भक्कम साक्षीदार आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ आकडेवारीचं काम करत होता. पाणबुड्या शोधणारी विमानं दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तपासणीला यायची. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढावेत. निघालं नेमकं उलटं. बिघाड सगळ्यात जास्त तपासणीच्या लगेच नंतर, आणि मग हळूहळू कमी. म्हणजे चांगलं चाललेलं यंत्र उघडून, हाताळून, परत बांधताना माणसंच त्यात नवीन बिघाड घालत होती. (आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी नवीन व्हर्जन का टाकायचं नसतं, हे ज्याला माहीत आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.)

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानांच्या भागांचा अभ्यास करून त्यांनी सांगितलं की फक्त ११ टक्के भागांमध्ये वय वाढेल तशी मोडण्याची शक्यता वाढताना दिसते. उरलेल्या ८९ टक्क्यांमध्ये तसं काही दिसत नाही. त्यातल्या ६८ टक्के भागांची तर तऱ्हा अशी की सुरुवातीलाच धोका जास्त, आणि ते दिवस काढले की मग सपाट रेषा. अशा भागाला "वेळ झाली" म्हणून बदलणं म्हणजे सिद्ध झालेला माणूस काढून नवशिक्याला उभं करणं.

हे मी जेवताना नानांना सांगितलं. समोर शेवभाजी, बाहेर ४४ अंश. नाना खूश झाले. मित्राने माझ्याकडे असं काही बघितलं की दुसरी भाकरी मी मागितलीच नाही.

पण थांबा. त्या अहवालातले बहुतेक भाग गुंतागुंतीचे होते, विमानातली उपकरणं वगैरे. इंजिनातल्या रिंगा, बेअरिंग, बोल्ट हे साधे भाग. एकच काम, तेच लाखो वेळा. असे भाग नेमके त्या ११ टक्क्यांच्या बाजूला असतात. ते म्हातारे होतात. प्रश्न एवढाच की ते म्हातारे होताना सांगतात का.

आणि इथेच सगळी मेख आहे. इंजिनातले भाग दोन प्रकारे संपतात. एक झिजून, दुसरा थकून.

रिंगा झिजतात. धुळीचा बारीक कण एअर फिल्टर चुकवून आत गेला की तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. पण झीज बोलकी असते. इंजिन ऑइल खायला लागतं, धूर मारायला लागतं, दम कमी होतो. मोजायचीही सोय आहे. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. शिवाय कुठून गळते तेही कान देऊन कळतं. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बेअरिंगही थोडंफार बोलतं. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडायचा. चमचम दिसली तर चुंबक फिरवायचं. चिकटलं तर लोखंड-पोलाद, नाही चिकटलं तर बेअरिंगचा मऊ धातू असण्याची शक्यता. रेल्वेवाले हे फार आधीपासून करतात. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न या रेल्वेने १९४० च्या दशकातच डिझेल इंजिनांचं वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत तपासून कोणता भाग झिजतोय ते ओळखायला सुरुवात केली होती.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र झिजत नाहीत, थकतात. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली खेचला जातो, तेव्हा त्याचा सगळा झटका या बोल्टवर येतो. सगळ्यात वाईट क्षण धमाक्याचा नव्हे. जळालेला गॅस बाहेर टाकून पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हाचा. वरून दाबणारं काही नसतं, नुसती ओढ. आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. ६००० ऐवजी ६६०० फेऱ्या झाल्या, म्हणजे १० टक्के जास्त, की ओढ २१ टक्के जास्त. थकव्याचं आयुष्य तर त्याहून किती तरी वेगाने घटतं. आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, वाढत जाते आणि एक दिवस खट्. धूर नाही, आवाज नाही, आधी काहीही नाही. बोल्ट तुटला की रॉड मोकळा होतो आणि इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

धातूच्या थकव्याचं हे शास्त्रसुद्धा रेल्वेतूनच आलं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. वरून धडधाकट दिसणारे आस अचानक का तुटतात, याचा पिच्छा पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने पुरवला आणि भार व फेऱ्या यांचा संबंध मांडला. भुसावळचा कुणी रेल्वेवाला ओळखीचा असेल तर विचारून बघा. आसाची अल्ट्रासॉनिक तपासणी, ठरावीक मुदतीचं पीओएच, हे शब्द त्या गावात चहाच्या टपरीवरही ऐकू येतात.

म्हणजे साधा नियम असा निघतो: जो भाग सांगून जातो त्याला मोजत राहा आणि चालू दे. जो न सांगता जातो त्याचे तास लिहून ठेव आणि वेळेआधी बदल. नाना पहिल्या प्रकारच्या भागांबद्दल बरोबर होते. मित्र दुसऱ्या प्रकारच्या. दोघं एकाच शब्दाने, "इंजिन" म्हणून, दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होते.

आता "वेळेआधी" म्हणजे कधी? इथे मी लॅपटॉप उघडला. पुढचे आकडे निव्वळ समजुतीसाठी आहेत, कुठल्या प्रयोगाचे नाहीत.

समजा अशी १०० सारखी इंजिनं आहेत. पहिल्या ४० तासांत ५ इंजिनांचे बोल्ट गेले. पुढच्या १० तासांत आणखी १९. आपलं इंजिन ४० तास टिकलंय, म्हणजे ते उरलेल्या ९५ मधलं. त्याचे बोल्ट पुढच्या १० तासांत जाण्याची शक्यता ९५ पैकी १९, म्हणजे २० टक्के. नव्या बोल्टसाठी पहिल्या १० तासांत ती १ टक्का धरू. बोल्ट आणि मजुरी मिळून १५ हजार, आणि इंजिन फुटलं तर दीड लाखाचा खड्डा. न बदलता गेलो तर सरासरी नुकसान दीड लाखाचे २० टक्के, ३० हजार. बदलून गेलो तर १५ हजार अधिक दीड हजार, साडेसोळा हजार. बदला! पण तीच शक्यता २० ऐवजी ५ टक्के असती, तर न बदलण्याचं नुकसान साडेसात हजार. मग बदलणं महाग. या आकड्यांत काटा ११ टक्क्यांवर फिरतो.

गंमत बघा, यात "बोल्ट किती चाललाय" हा प्रश्न एकटा उपयोगाचा नाही. प्रश्न असा आहे की पुढची एक रॅली निघेल का. सावद्याहून दिल्लीला केळी घेऊन निघणारा ट्रकवाला हेच करतो. फॅनबेल्ट अजून महिनाभर चालेल की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. हा माल पोचेपर्यंत चालेल का, एवढंच. मे महिन्यात केळी भरलेली गाडी एक दिवस रस्त्यात उभी राहिली की नुकसान बेल्टचं नसतं, केळ्यांचं असतं. म्हणून शहाणा माणूस निघण्याआधी बेल्ट बदलतो आणि जुना, अजून चांगला असलेला बेल्ट सीटखाली टाकतो. शर्यतीच्या गाड्यांबरोबरही असे वापरलेले, पण खात्रीचे भाग असतात. चालून सिद्ध झालेला स्पेअर डब्यातल्या कोऱ्या स्पेअरपेक्षा कधीकधी बरा.

शिवाय हा काटा नियमांनीही सरकतो. फॉर्म्युला वनमध्ये एके काळी एका शनिवार-रविवारात दोन-तीन इंजिनं सहज वापरली जायची. २००४ मध्ये नियम आला, एका शर्यतीच्या सबंध कार्यक्रमाला एकच इंजिन. २००५ मध्ये दोन शर्यतींना एक. २००९ मध्ये ड्रायव्हरला वर्षाला ८, २०१४ मध्ये ५ आणि २०१८ मध्ये ३. जास्त लागली तर मागून सुरुवात करायची. २००५ च्या जपान ग्रां प्रीत किमी रायकोनेन इंजिन बदलल्याची शिक्षा आणि पावसात झालेली पात्रता फेरी यांमुळे १७ व्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या फेरीत पुढे जाऊन जिंकला! पण रोज काही रायकोनेन होता येत नाही. २०१६ मध्ये मलेशियात पहिल्या क्रमांकावर असताना हॅमिल्टनचं इंजिन गेलं आणि त्या वर्षीचं विजेतेपद त्याने ५ गुणांनी गमावलं. दुसऱ्या टोकाला ड्रॅग रेसिंगच्या टॉप फ्युएल गाड्या. चार सेकंदांची एक धाव आणि लगेच इंजिन खोलायला घ्यायचं. भौतिकशास्त्र सगळीकडे तेच, हिशोब मात्र जागोजागी वेगळा.

असो. धुळ्याला परत येऊ.

मी मित्राला विचारलं, हे ४० तास सगळे सारखेच होते का? तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, गेल्या वर्षी उतारावर एकदा चुकीचा गिअर पडला होता. चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी... तुम्हाला कळलं असेल. अशा वेळी फेऱ्यांना आवर घालणारी यंत्रणा काही करू शकत नाही, कारण इंजिनाला पेट्रोल नाही, चाकं फिरवत असतात. ते चार-पाच सेकंद वहीत कुठेच नव्हते. वहीत फक्त तास होते. माझ्या मते निर्णय तिथेच झाला. बोल्टचं वय आता ४० तास नव्हतं, किती होतं ते सांगणं अशक्य होतं.

नाना काही बोलले नाहीत. उठले, आत गेले आणि त्यांची एक जुनी डायरी घेऊन आले. त्यात मागच्या वेळी इंजिन बांधतानाची आठही बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजून लिहिलेली होती. "हात लावू नको" म्हणणाऱ्या माणसाने!

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवलं. पण त्याआधी हवेची गळती मोजून घेतली. चारही सिलिंडर ६ ते ८ टक्के, सारखेच. रिंगा उत्तम. बोल्ट नीट बदलायचे म्हणजे रॉड बाहेर काढून नव्या बोल्टसकट त्याच्या मोठ्या डोळ्याची गोलाई तपासावी लागते. म्हणजे हेड उतरवणं आलं, पिस्टन काढणं आलं. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य आलंच: "आता उघडलंच आहे तर रिंगाही टाकू ना." आमच्याकडे दोन ओळींचा बग दुरुस्त करायला बसलेला माणूस आख्खं मॉड्यूल नव्याने लिहून उठतो, तो याच वाक्याने. या वेळी नाना ठाम राहिले. नवीन रिंगा म्हणजे बोअर पुन्हा घासणं, रिंगा बसेपर्यंत गाडी पळवणं. जुन्या रिंगा त्याच पिस्टनवर, त्याच बोअरमध्ये परत. बेअरिंगचे शेल, टायमिंग बेल्ट आणि हेड गॅस्केट मात्र बदललं, कारण मजुरी तशीही झालीच होती आणि भाग स्वस्त. मित्राने मान्य केलं. जेवायला दोघं एकाच ताटाशी बसले नसले तरी एकाच वेळी बसले.

काढलेले बोल्ट नानांनी एकेक करून मोजले. साधारण नियम असा की मूळ लांबीपेक्षा ०.००१ इंच, म्हणजे अंदाजे ०.०२५ मिलिमीटर जरी बोल्ट कायमचा लांबला असेल तर तो फेकायचा. आठपैकी एकही लांबलेला नव्हता. नाना डायरी मिटून म्हणाले, "बघ. काही झालं नव्हतं." लांबी मोजून ताण कळतो, आतली चीर कळत नाही, हे मी म्हटलं. त्यावर ते हसले फक्त.

मग महिनाभरात सेंधव्यापर्यंत घाटाच्या चार फेऱ्या झाल्या, फिल्टर कापून बघितला, स्वच्छ होता. नवीन भाग शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा चालवायचा नाही, यावर बाप-लेकाचं आधीपासूनच एकमत होतं. रॅली झाली, गाडी मधल्या कुठल्याशा क्रमांकावर पूर्ण झाली, इंजिन ठणठणीत.

आता यातून काय सिद्ध झालं? खरं सांगायचं तर काहीच नाही. जुन्या बोल्टवरही ती रॅली कदाचित पार पडली असती. कदाचित पहिल्याच टप्प्यात इंजिनाला भोक पडलं असतं. वेळेवर बदललेल्या भागाचं हेच दुखणं आहे. तो मोडला असता की नाही हे कधीच कळत नाही, त्यामुळे खर्च दिसतो आणि टळलेलं नुकसान दिसत नाही. ज्यांनी सर्व्हरची हार्ड डिस्क मोडण्याआधी बदलायची परवानगी मागून बघितली आहे, त्यांना साहेबांचा चेहरा आठवेल.

म्हणून मला वाटतं, अशा निर्णयाचं मोजमाप निकालावरून करू नये. ठरवताना काय माहीत होतं, काय मोजलं होतं, काय लिहून ठेवलं होतं, त्यावरून करावं. त्या हिशोबाने त्या गॅरेजमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू नवे बोल्ट नव्हते, नानांची डायरी होती.

मित्राने आता तसलीच एक वही जिप्सीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली आहे. त्यात तासांबरोबर "चुकीचा गिअर" असा एक वेगळा रकाना आहे. सध्या तरी कोरा आहे म्हणतो. जुने आठ बोल्ट नानांनी टाकून दिलेले नाहीत. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेत.